नवें शिब्बोलेथ

यार्देनेच्या उतारावर 'शिब्बोलेथ' हा शब्द नीट उच्चारतां न आल्यामुळें एफ्राइमी लोक प्राणांस मुकले, ही शास्ते पुस्तकांतील कथा आमच्या वाचकांस ठाऊक आहे. तशीच पारख, अर्थात् रक्तपाताविना, आज संगणकावरील अर्जांत चालते.

अक्षरांच्या रचनेचा साचा ठरविण्याच्या पद्धतीस 'रेग्युलर एक्स्प्रेशन' म्हणतात. गणितज्ञ स्टीफन क्लेनी यांनीं १९५६ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत तिचा पाया घातला. केन थॉम्प्सन यांनीं १९६८ सालीं ती मजकूर शोधण्याच्या कामीं लाविली. साधन उत्तम, दोष वापरणाराच्या संकुचित दृष्टीचा.

ई-मेलचा पत्ता तपासण्यास पुष्कळ जण असा साचा करितात: आधीं इंग्रजी अक्षरें, अंक व टिंबें, मग 'ॲट'चें चिन्ह, मग स्थळाचें नांव, शेवटीं दोन ते चार अक्षरांचा प्रत्यय. परंतु आपल्या नांवापुढें अधिक-चिन्ह देऊन 'परीक्षा' असें उपपद जोडण्याची सोय अनेक टपालसेवा देतात. त्यायोगें पत्रें निरनिराळ्या कप्प्यांत लावितां येतात. हें चिन्ह शास्त्रशुद्ध असूनही साचा तें नाकारतो. २०१४ पासून मिळूं लागलेला देवनागरी 'भारत' हा प्रत्ययही तेथें अडतो.

कांहीं जण तें उपपद परभारें कापून टाकितात. तेंही अयोग्य, कारण 'ॲट'च्या डावीकडील भागाचा अर्थ पत्र स्वीकारणाऱ्या स्थळानेंच लावावा, असा इंटरनेटच्या २००८ च्या मानकाचा दंडक आहे.

नियम सैल केल्यास खोटे पत्ते शिरतील, असा आक्षेप येईल. पण कितीही कडक साचा केला, तरी त्या पत्त्यावर कोणी राहतो कीं नाहीं, हें तो सांगूं शकत नाहीं. म्हणून चिन्हाच्या दोन्ही बाजूंस मजकूर आहे एवढें पाहावें, आणि पत्र पाठवून पोंच मागावी; हीच खरी परीक्षा.

शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या शेवटच्या दिवशीं 'पत्ता चुकीचा' असें उत्तर आलें, तर पालकांनीं मुलास एकदम दोष देऊं नये. आणि जे विद्यार्थी उद्यां असे साचे रचतील, त्यांनीं चुकीच्या पत्त्यांबरोबरच अपरिचित पण बरोबर अशा पत्त्यांवरही आपला साचा पारखून पाहावा. दारावरील पहारा चोरासाठीं असतो. अनोळखी पाहुण्यास परत धाडण्यासाठीं नव्हे.