गुरुदेव रानडे : पूजेइतकेच परीक्षणही हवे

गुरुदेव रा. द. रानडे यांचे नाव आपल्याकडे निघते ते बहुधा निंबाळ येथील आश्रमातल्या साधकांचे गुरू म्हणून. त्यात वावगे काहीच नाही. पण त्या आदरामागे १८८६ साली जमखंडीत जन्मलेला, फर्ग्युसन महाविद्यालयात आणि पुढे अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणारा कसदार धर्मचिंतक झाकला जातो. १९३३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘मिस्टिसिझम इन महाराष्ट्र’ हा ग्रंथ केवळ संतांची थोरवी गात नाही. साक्षात्कार खरा कशावरून मानायचा, हा अवघड प्रश्न तो हाती घेतो आणि त्यासाठी कसोट्या मांडतो: वेगवेगळ्या देशांतील, काळांतील अनुभवांत मेळ आहे का, त्या अनुभवाने बुद्धी मंदावते की तल्लख होते, भावना शुद्ध होतात का आणि आचरण सुधारते का. ज्ञानेश्वरांची प्रखर बुद्धी व तुकोबांची तळमळ रानडे वेगवेगळी ओळखतात. तुकोबांच्या निराशेच्या अभंगांकडे पाहताना स्पेनच्या संत जॉनची ‘आत्म्याची काळरात्र’ ही कल्पना वापरतात. ही तौलनिक दृष्टी आहे, नुसती भाविकता नव्हे.

यावर पहिला आक्षेप असा की, स्वतः नामसाधना करणारा माणूस निःपक्षपाती परीक्षक कसा होणार? परंतु श्रद्धा असणे हा दोष नाही, कसोटी लपवणे हा दोष आहे. रानड्यांनी आपल्या कसोट्या उघड मांडल्या, त्यामुळे नास्तिकालाही त्या पारखता येतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अनुभव सर्वत्र सारखे आढळले म्हणजे देव सिद्ध होत नाही. मानवी मनाची घडण सारखी असल्यानेही ते साम्य येऊ शकते. हे मान्य करावेच लागते. म्हणूनच मला त्यांची आचरणाची कसोटी सर्वांत मोलाची वाटते, कारण ती अनुभवाचे मूळ काहीही असो, त्याचे फळ तपासते. तिसरा आक्षेप, त्यांनी संतांचा सामाजिक संघर्ष बाजूला ठेवला, हा बऱ्याच अंशी खरा आहे. चोखोबा, जनाबाई, गोरोबा यांना त्यांच्या ग्रंथात स्थान आहे, तरी जातीच्या जाचाची चिकित्सा तिथे पुरेशी नाही. मात्र ही उणीव भरून काढायची तर ग्रंथ आधी वाचायला हवा. मखरात बसवलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही.

आज साक्षात्काराचे दावे गल्लोगल्ली ऐकू येतात आणि भक्त दाव्यापुढेच हात जोडतात. अशा वेळी रानड्यांच्या कसोट्या तत्त्वज्ञानाच्या वर्गांत शिकवल्या जाव्यात, संतसाहित्याच्या अभ्यासवर्गांत चर्चिल्या जाव्यात आणि त्यांच्या अनुयायांनी त्या आपल्या परंपरेलाही निर्भयपणे लावाव्यात. ज्याने आयुष्यभर अनुभवाला बुद्धीची व नीतीची साक्ष मागितली, त्याच्याशी याहून मोठी निष्ठा कोणती?

– एक वाचक