फणसाडला जाताना वुजूचे पाणी घरून न्या

आगरदांड्याला येणारी बहुतेक कुटुंबे गाडी फेरीबोटीवर चढवतात, दिघीला उतरतात आणि तडक दिवेआगर गाठतात. आमचे म्हणणे, एक दिवस अलीकडच्या तीरावर काढा. राजपुरीच्या रस्त्याला खोकरीचे घुमट लागतील. सिद्दी सरदारांचे हे दगडी मकबरे. क्षणभर उतरून दुआ करा, नक्षीच्या जाळ्या मुलांना दाखवा आणि मग फणसाड गाठा.

हे जंगल जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे राखीव रान. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले आणि १९८६ मध्ये इथे अभयारण्य झाले. फज्रनंतर लगेच निघालात तर शेकरू दिसण्याची आशा धरता येते. आपला हा राज्यप्राणी जमिनीवर क्वचितच उतरतो, म्हणून नजर शेंड्यांवर ठेवायची आणि गप्प राहायचे. (मुलांपेक्षा मोठ्यांनाच हे जड जाते!) गारंबीचा वेल मात्र पळून जात नाही. त्याच्या हातभर लांब शेंगा पाहून मुले थक्क होतात. शेंग तोडू मात्र नका.

आता मुद्द्याचे. फणसाडमध्ये पाणवठ्याला ‘गाण’ म्हणतात. आपल्या मुलांच्या सुट्ट्या एप्रिल-मेमध्ये येतात आणि नेमके तेव्हाच पाणी आटते. उरलेल्या गाणीवर भेकर, सांबर, बिबट्या, पाखरे सगळ्यांची भिस्त असते. तिथे आपण दस्तरखान पसरला, हात-भांडी धुतली, तर भित्री जनावरे दिवसभर तहानलेली आडोशाला थांबतात. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीतून जोड्याने पाणी काढून पाजणाऱ्याला अल्लाहने माफ केले, ही हदीस आपण मुलांना सांगतो. मग गाणीपासून लांब बसणे काही अवघड नाही. वुजूसाठी दोन बाटल्या जादा घ्या, जानमाज गाडीत ठेवा.

ईदनंतरच्या सहलीला बिर्याणी हवीच, याबद्दल आमचे दुमत नाही. पण चूल जंगलात नको, वणवा लागायला एक ठिणगी पुरते. घरूनच शिजवून न्या, कागदी ताटांऐवजी स्टीलची ताटे घ्या आणि हाडेसुद्धा पिशवीत बांधून परत आणा. गिधाडांना तेवढीच मेजवानी, असे कुणी म्हणेल. ती मेलेल्या गुराढोरांवर जगतात. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या औषधाने देशभर त्यांचा घात केला, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद झाले. मसालेदार हाडांवर येतात ती गावची कुत्री, आणि ती एकदा जंगलात शिरली की भेकराच्या पाडसामागे लागतात.