दोन नियम, एक उत्तर

मागच्या आठवड्यात चक्क बाईंचीच चूक झाली! म्हणजे माझीच.

अंबरनाथच्या आमच्या शाळेत चौथीच्या मुलांना जुन्या नाण्यांचं गणित घातलं होतं. पूर्वी रुपयाचे १६ आणे असत. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. म्हणजे २ आण्यांचे साडेबारा पैसे. पण अर्धा पैसा द्यायचा कसा? म्हणून नियम ठरला, अर्धा किंवा त्याहून कमी उरला तर सोडून द्यायचा. २ आण्यांचे झाले १२ पैसे.

मी विचारलं, "दोन-दोन आण्यांच्या २ वह्या घेतल्या. किती नवे पैसे?" एका मुलीने १२ आणि १२ मिळून २४ लिहिले. मी फुली मारली. माझं उत्तर होतं २५, कारण मी आधी ४ आणे केले आणि मग त्यांचे पैसे. ती रडवेली होऊन म्हणाली, "बाई, आधी काय करायचं ते तुम्ही सांगितलंच नव्हतं!" खरंच की! मी फुली खोडली.

संगणकाच्या भाषांतही अशी पंचाईत होते बरं का! 'रस्ट' नावाची एक भाषा आहे. तिची पहिली पक्की आवृत्ती २०१५ मध्ये आली. तिच्यात एका प्रकारच्या वस्तूचं दुसऱ्या प्रकारात रूपांतर करायचे नियम लिहिता येतात. एक नियम तिच्यात आधीपासूनच आहे: कुठलीही वस्तू स्वतःच्याच प्रकारात बदलली तर ती जशीच्या तशी राहते. पैशांचे पैसेच!

आता समजा, आपण नवा नियम लिहिला, 'कुठलीही वस्तू द्या, तिचे अमुक रीतीने पैसे करा.' मग पैसेच दिले तर? जुना नियमही लागू, नवाही लागू! रस्ट अंदाजाने एक निवडत नाही. प्रोग्रॅम चालण्याआधीच 'नियमांची टक्कर होते' असं सांगून थांबते. गुपचूप एक निवडला असता, तर चूक कुणाला कळलीच नसती.

उपाय दोन. 'कुठलीही वस्तू' खोडून 'फक्त आणे' असं लिहायचं. नाहीतर आपल्या रीतीला वेगळं नाव द्यायचं, म्हणजे कुठली रीत हवी ते आपणच सांगतो.

आता तुमची पाळी! एक-एक आण्याच्या ४ गोळ्या घेतल्या. दोन्ही रीतींनी किती पैसे होतात? आईबाबांनाही सोडवायला सांगा. आणि आईबाबा, वहीत फुली मारण्याआधी आपला नियम मुलांना सांगितला होता का, एवढं जरूर पाहा!