पणजोबांची आझाद हिंदमध्ये बदली करणाऱ्यांसाठी

मंडळी, या वीकेंडला जरा भांडायचा मूड आहे.

सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही मित्राला विचारा, पणजोबा काय करायचे? "मिलिटरीत होते." कुणाच्या मिलिटरीत? इथे गाडी अडते. मग "आझाद हिंद सेनेत" असं उत्तर येतं, नाहीतर "क्रांतिसिंहांच्या प्रतिसरकारात". आता साधं गणित बघा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या हिंदी फौजेत सुमारे २५ लाख माणसं होती. आझाद हिंद सेना होती ४०-४५ हजारांच्या आसपास. मग बाकीचे गेले कुठे? त्यांना पणतवंडं झालीच नाहीत की काय?

आमच्या तासगावकडच्या घरातही हीच कथा चालायची. पण ट्रंकेत डिस्चार्जचे कागद निघाले: पाचवी मराठा लाइट इन्फंट्री, तिसरी बटालियन. सोबत 'इटली स्टार' पदक. हे पदक इटलीत ब्रिटिशांच्या बाजूने लढलेल्यांना मिळायचं. दोन लॉग जुळले नाहीत तर आपण ऑफिसात लॉगच डिलीट करतो का? घरी मात्र तोच उपाय सुचवला गेला. काका म्हणाले, "ठेव ते आत. लोक काय म्हणतील?"

लोक काय म्हणतील हे मला कळतं. त्याच काळात इकडे प्रतिसरकार जोरात होतं. ७ जून १९४३ ला शेणोलीला पगाराची रेल्वे लुटली गेली. कुंडलची माणसं इंग्रजांना नडत होती, आणि आमचे पणजोबा त्याच इंग्रजांचा पगार मनीऑर्डरने घरी धाडत होते. हे बोचतं. बोचू दे की!

अमेरिकेत बघा. दक्षिणेकडून गुलामगिरीसाठी लढलेल्या पूर्वजांच्या वंशजांनी दीडशे वर्षं हेच केलं. आमचा माणूस गुलामांसाठी नव्हे, आपल्या मातीसाठी लढला, असं सांगत राहिले, पुतळे उभारले. २०२० मध्ये ते पुतळे पटापट उतरले. पण तिकडे निदान नॅशनल पार्क सर्व्हिसच्या साइटवर दोन्ही बाजूंच्या शिपायांची नावं शोधता येतात. पूर्वज कुठल्या रेजिमेंटमध्ये होता यावर थापा मारणं अवघड जातं.

"पोटासाठी गेला हो बिचारा," हीसुद्धा अर्धीच गोष्ट आहे. दुष्काळ खरा, आटपाडी-जत-माण बघितलेल्याला सांगायला नको. पण नाना पाटीलही तलाठ्याची नोकरी करत होते, आणि ती त्यांनी सोडली. म्हणजे दुसरी वाट होती, अवघड होती, आमच्या माणसाने ती घेतली नाही. आणि तरीही इटलीत समोर हिटलरची फौज होती, हेही तितकंच खरं. त्याच बटालियनचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला तिथे पडले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३ मध्ये मोंतोने गावाने त्यांचं स्मारक केलं. इटलीतल्या गावाला आठवण आहे, आणि आम्ही पदक लपवतोय!

बरं, इंग्रजांनी तरी काय केलं? पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात मेलेल्या हिंदी शिपायांची नावं बसरा स्मारकावर कोरलीच नाहीत, नुसते आकडे दिले. गोऱ्या शिपायांची मात्र नावं. कॉमनवेल्थच्या युद्धस्मारक आयोगाने २०२१ मध्ये याबद्दल माफी मागितली. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीची ४६ माणसं त्या युद्धात गेली. त्यांनी नाव पुसलं, आपण खोटी गोष्ट रचली. शिपाई दोन्हीकडून गेला.

पंजाबच्या पहिल्या महायुद्धातल्या शिपायांची रजिस्टरं लाहोरच्या म्युझियममध्ये होती. सव्वातीन लाखांच्या आसपास नोंदी. त्या २०२१ पासून ऑनलाइन यायला लागल्या. हे काम सातारा-सांगलीसाठी करायला कोण परग्रहावरून येणार आहे? पुण्यात बसून रोज डेटाबेस सांभाळणारे आपण शेकड्याने आहोत. सुरुवातीला रेजिमेंट, बटालियन, शिपाई नंबर, गाव एवढे चार कॉलम पुरतात. नंबर ट्रंकेतल्या कागदावर असतो, नाहीतर पदकाच्या कडेवर किंवा पेन्शनच्या पुस्तकात बघा. काका नको म्हणतील. त्यांना चहा द्या आणि ट्रंक उघडा.