‘खराब झालंय’ हा रिपोर्ट नव्हे

पलटणीत एखादा रेडिओ ऑपरेटर येऊन नुसतं “सर, सेट खराब आहे” म्हणाला, तर त्याला आल्या पावली परत पाठवतात. काय खराब आहे? आपला आवाज समोर जात नाही, की समोरचा आपल्याला येत नाही? हेडसेट बदलून पाहिला? बॅटरी? अँटेना? एवढे प्रश्न घेऊन तो परत जातो आणि बऱ्याचदा तिथेच सेट सुरू होतो. फौज आपल्याला ही सवय पहिल्या दिवसापासून लावते. माझी तक्रार अशी आहे, की वर्दी उतरवली की ती सवयही आपण खुंटीला टांगतो. घरची एखादी वस्तू बंद पडली की आपला रिपोर्ट एका शब्दाचा असतो: ‘खराब’. आणि त्यावरचा उपायही एका शब्दाचा: ‘नवीन’.

ही तक्रार मांडायला मी मुद्दाम एक किरकोळ वस्तू घेतो. गाडीच्या स्टीरिओवरचं ऑक्स इनपुट, म्हणजे ते साडेतीन मिलिमीटरचं भोक, ज्यात वायर खुपसून आपण आयपॉड किंवा एमपीथ्री प्लेअर लावतो.

तरुण वाचक म्हणतील, सर, आता ऑक्स कोण वापरतं? ब्लूटूथ आहे. कबूल. पुण्याहून मुंबईला जाताना मीही ब्लूटूथच वापरतो. पण आपल्या लोकांचा प्रवास तेवढाच नसतो. बदलीची ऑर्डर आली की कुटुंब, ट्रंका आणि जुनी गाडी घेऊन आपण दोन-दोन हजार किलोमीटर जातो. जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम वर्षानुवर्षं चालत आलेलं नाही. मनालीच्या पुढे किंवा बोमडिलाच्या वर तासन्‌तास नेटवर्क नसतं. तिथे इंटरनेटवरून येणारी गाणी मुकी होतात आणि खिशात भरून नेलेली गाणीच कामाला येतात. शिवाय आपल्यापैकी अनेकांच्या गाड्या सेकंडहँड आणि दहा-बारा वर्षं जुन्या. त्यात ब्लूटूथ नाही, ऑक्स मात्र आहे. माजी सैनिक वाचकांना कॅसेटच्या आकाराचा, शेपटीसारखी वायर असलेला अडॅप्टर आठवत असेल. त्याआधी विविध भारतीवरची ‘जयमाला’ होती. साधन बदललं, गरज तीच राहिली.

उत्तर बंगालमधल्या एका छावणीत असतानाची गोष्ट. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या एका नायकाने बचतीतून जुनी हॅचबॅक घेतली होती. एक दिवस तो म्हणाला, “साहेब, स्टीरिओ बदलायला सांगितलाय दुकानात. आठ हजार म्हणतोय. स्पीकरपण गेलेत म्हणाला.”

“होतंय काय नक्की?”

“गाणं लागतंय, पण गायकाचा आवाजच येत नाही. नुसती वाद्यं वाजतात. विहिरीतनं आल्यासारखी.”

आता हा रिपोर्ट झाला! ‘खराब’ हा शब्द त्यात नाही आणि निदान मात्र जवळपास पूर्ण आहे. दुकानदाराने तो ऐकूनच घेतला नव्हता.

मी त्याला एफएम लावायला सांगितलं. निवेदिकेचा आवाज खणखणीत आला. म्हणजे वीजपुरवठा ठीक, फ्यूज ठीक, अॅम्प्लिफायर ठीक, चारही स्पीकर ठीक. एक बटण दाबलं आणि अर्धी साखळी निर्दोष सुटली. मग प्लेअरमध्ये इअरफोन लावले. गायक हजर! म्हणजे प्लेअरही सुटला. उरलं काय? वायर आणि गाडीतलं भोक. माझ्या गाडीतली वायर त्याच्या गाडीत लावली आणि गाणं पूर्ण वाजलं. सगळा तपास पाच मिनिटांचा. दीडशे रुपयांची नवी वायर आली आणि आठ हजार रुपये त्याच्या खिशात राहिले. नायकाच्या घरखर्चात आठ हजार म्हणजे काय, हे मी या वाचकांना सांगायची गरज नाही.

गायक का गायब झाला, हे समजून घेण्यासारखं आहे. ऑक्सच्या पिनेवर तीन भाग असतात. टोक म्हणजे डावा आवाज, मधली कडी म्हणजे उजवा आणि मागची नळी म्हणजे दोघांचा सामाईक परतीचा रस्ता, ज्याला ग्राउंड म्हणतात. ही परतीची तार पिनेजवळ तुटली, तर बऱ्याचदा स्टीरिओला डावा आणि उजवा यांतला फक्त फरक ऐकू येतो. गायकाचा आवाज बहुतेक गाण्यांत मधोमध, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखाच भरलेला असतो. सारख्यातून सारखं वजा केलं की शून्य उरतं. बाजूला भरलेली वाद्यं तेवढी शिल्लक राहतात. पीन पूर्ण आत गेली नाही, तरी असंच होतं. मोबाईलला जाड कव्हर असेल तर पीन अडते, म्हणून आधी कव्हर काढून पाहावं.

लक्षणं नीट ऐकली तर प्रत्येक दोषाची वेगळी बोली असते. एकाच बाजूचा आवाज येत असेल, तर दुसऱ्या बाजूची तार तुटली आहे. ती बहुधा पिनेच्या मानेपाशी तुटते, कारण वायर तिथेच रोज वाकते. पीन तिरकी दाबून धरल्यावरच गाणं वाजत असेल, तर भोकाच्या आतली पाती सैल झाली आहे किंवा डाग निखळला आहे. भोकात कापसाचे धागे आणि धूळ साचून पीन बसत नसेल, तर स्टीरिओ बंद करून लाकडी टूथपिकने हलकेच साफ करावं. टाचणी घालू नये.

काहीच येत नसेल, तर स्टीरिओवर सोर्स ‘ऑक्स’च निवडला आहे ना, हे पाहावं. काही स्टीरिओंच्या सेटिंगमध्ये ऑक्स बंद ठेवण्याची सोय असते आणि मग सोर्सच्या यादीत ते दिसतच नाही. ते दिसत असेल, तर आवाज अगदी बारीक ठेवून वायरचं मोकळं टोक बोटाने शिवावं. ‘कर्र’ किंवा भुणभुण ऐकू आली, तर वायर आणि स्टीरिओ बहुधा जिवंत आहेत, दोष प्लेअरकडे शोधायचा.

आवाज येतो पण क्षीण, अशी तक्रार असेल तर प्लेअरचा आवाज पाऊण पट्टीवर न्यावा आणि मग गाडीचा वाढवावा. बरेच जण उलटं करतात. प्लेअर बारीक आणि गाडीचा आवाज पूर्ण. त्याने गाण्यापेक्षा खरखर मोठी होते, आणि चुकून एफएम लागला की मागे झोपलेली मुलं दचकून उठतात.

इंजिन चालू असताना ‘कुईं’ असा बारीक सूर येतो आणि अॅक्सिलरेटर दाबला की तो चढतो? प्लेअर गाडीच्याच सॉकेटवर चार्जिंगला लावलेला असणार. चार्जरमधून एक आणि ऑक्समधून दुसरा, असे ग्राउंडचे दोन रस्ते तयार होतात आणि त्यांतून अल्टरनेटरची कुरकुर गाण्यात शिरते. चार्जर काढून पाहा. सूर थांबला की निदान झालं. कायमचा उपाय हवा असेल, तर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी काहीशे रुपयांत मिळते. तिच्यात दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात. आवाज पलीकडे जातो, थेट तार जात नाही.

आता खास आपल्या जमातीच्या दोन अडचणी. फील्ड पोस्टिंगला जाताना आपण गाडीच्या बॅटरीची तार काढून ठेवतो. सहा महिन्यांनी जोडली, की काही स्टीरिओ चोरीविरोधी कोड मागतात आणि तो घातल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. तो स्टीरिओ खराब नसतो, संत्रीसारखा परवलीचा शब्द विचारत असतो. कोड बहुधा गाडीच्या कागदपत्रांतल्या छोट्या कार्डावर सापडतो. सेकंडहँड गाडी घेताना आरसीबरोबर हे कार्डही मागून घ्यावं.

दुसरी अडचण उंचीची. जुन्या मोठ्या प्लेअरमध्ये फिरणारी हार्ड डिस्क असते. तिचं वाचन करणारं टोक तबकडीला टेकत नाही, हवेच्या अतिशय पातळ थरावर तरंगतं. हवा विरळ झाली की हा आधार कमी पडतो. अॅपलने आयपॉड क्लासिकच्या माहितीपत्रकात वापराची कमाल उंची १०,००० फूट दिली होती. लेह सुमारे ११,५०० फुटांवर आहे, तर खारदुंग ला साडेसतरा हजारांच्या आसपास. म्हणजे वर जाऊन प्लेअर अडखळला, तर वायर बदलून उपयोग नाही, स्टीरिओ बदलून तर नाहीच. फ्लॅश मेमरीचा छोटा प्लेअर किंवा पेनड्राइव्ह तिथे बरा, कारण त्यात फिरणारं काही नसतं. थंडीचंही तसंच. उणे तापमानात बॅटरी लवकर मान टाकते आणि वायरचं आवरण कडक होऊन तडकतं.

इथे कोणी म्हणेल, एवढा खटाटोप दीडशे रुपयांच्या वायरसाठी? शिवाय अर्धवट ज्ञानाने माणूस गाडी बिघडवून ठेवेल. दुसरा आक्षेप रास्त आहे आणि त्याला फौजेचंच उत्तर आहे. आपल्याकडे दुरुस्तीच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. ड्रायव्हरने काय करायचं, युनिटने काय करायचं आणि ईएमईच्या वर्कशॉपकडे काय पाठवायचं, याची सीमा स्पष्ट असते. तीच सीमा घरीही पाळावी. बटणं, वायर, भोकाची सफाई आणि अदलाबदल करून पाहणं आपलं. डॅशबोर्ड उघडणं, वायरिंग कापणं, एअरबॅगच्या आसपास हात घालणं कारागिराचं. वॉरंटीतल्या गाडीला तर हातच लावू नये. आणि हे सगळं गाडी बाजूला उभी करून. चालत्या गाडीत वायर हलवत बसणारा ड्रायव्हर मला दिसला, तर त्याची मी गय करणार नाही.

पहिला आक्षेप मात्र मला मान्य नाही. दीडशे रुपयांच्या वायरवर जो दोष शोधायला शिकतो, तो उद्या जनरेटरवर, पंपावर, रेडिओवर शोधू शकतो. पद्धत एकच. साखळी मधोमध तोडा, कुठला अर्धा भाग जिवंत आहे ते पाहा, मग उरलेल्याचे पुन्हा दोन भाग करा. एका वेळी एकच गोष्ट बदला. वायर, प्लेअर आणि सेटिंग एकदम बदललंत, तर गाणं सुरू होईलही, पण दोष कुठे होता ते कधीच कळणार नाही. ज्या चौकीवरून जवळचं दुकान दीडशे किलोमीटरवर आहे आणि बर्फाने रस्ता बंद आहे, तिथे ‘नवीन आणू’ हा पर्यायच नसतो. तिथे ही सवय ऐनवेळी उगवत नाही. ती शांततेच्या ठिकाणी, क्षुल्लक वस्तूंवर घोटलेली असावी लागते.

बाजाराचा ओघ उलट्या दिशेने चालला आहे. २०१६ साली आयफोन ७ मधून हेडफोनचं भोक गेलं. त्यानंतर बऱ्याच मोबाईलमधून ते गेलं आणि नव्या गाड्यांतूनही ऑक्स नाहीसं होत आहे. २००१ मध्ये आलेला आयपॉड २०२२ मध्ये बंद झाला. वस्तू बदलणार, त्याबद्दल रडगाणं नको. पण वायर ही डोळ्यांनी दिसणारी, हाताने बदलून पाहता येणारी गोष्ट होती. ब्लूटूथ जोडलं गेलं नाही, तर सामान्य माणूस बंद करून पुन्हा चालू करण्यापलीकडे फार काही करू शकत नाही. बघता येईल असं कमी उरलं, की बघण्याची इच्छाही कमी होते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचं पोर्टलही सुरू झालं. चांगलंच झालं. पण दुरुस्तीचा हक्क कागदावर मिळाला, तरी ‘नक्की काय होतंय?’ हा प्रश्न आपल्यालाच विचारावा लागतो. तो न विचारणाऱ्याला दुकानदार आठ हजारांचं उत्तर देतो.

म्हणून सेवेतल्या मित्रांना आणि निवृत्त वरिष्ठांना एक सुचवतो. गाडीच्या खणात एक जादा ऑक्स वायर आणि साधे इअरफोन ठेवा. आणि घरातलं मूल “बाबा, हे खराब झालंय” किंवा “आजोबा, हे चालत नाही” असं म्हणत आलं, तर लगेच खिशात हात घालू नका. त्याला तीन गोष्टी विचारा: काय चालतंय, काय चालत नाही आणि तू काय बदलून पाहिलंस. पहिल्या वेळी ते वैतागेल. तिसऱ्या-चौथ्या वेळी उत्तरं घेऊनच येईल.