मीटर क्षार मोजतो, जंतू नाही

फिल्टर विकायला आलेला तरुण ओट्यावर दोन पेले ठेवतो. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात आरओचं. विजेला जोडलेल्या धातूच्या कांड्या तो दोन्हींत बुडवतो. मिनिटा-दोन मिनिटांत नळाचं पाणी तांबूस, गढूळ होतं आणि तळाशी साका बसतो. आरओचं पाणी मात्र नितळच राहतं. "बघा काकू, हे पाणी तुम्ही मुलांना पाजता!" काकू हादरतात आणि यंत्राची खरेदी पक्की होते.

हा पुरावा पाण्याविरुद्धचा नाहीच. वीज वाहू लागली की लोखंडाची कांडी झिजते आणि साका बसतो तो तिच्याच गंजाचा. वीज वाहायला पाण्यात क्षार लागतात. ते नळाच्या पाण्यात असतात, आरओच्या पाण्यात जवळजवळ नसतात. आरओच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकलं, तर तेही तांबडं होईल.

टीडीएस मीटरच्या आकड्याचंही तेच. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आले, साधं मीठही आलं. 'आयएस १०५००' हे भारतीय मानक लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंतचा टीडीएस पिण्यास योग्य मानतं आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतं. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा अशा सात जलाशयांचं पाणी मिळतं, तर पुण्याला मुख्यतः खडकवासला साखळीतल्या धरणांचं. पावसाचं हे साठवलेलं पाणी मुळातच मृदू असतं. त्यातले क्षार काढायला बसवलेलं यंत्र नसलेल्या रोगावर उपचार करतं आणि पेलाभर पाण्यामागे दोन-तीन पेले मोरीत सोडतं. टीडीएस ५०० पेक्षा कमी असेल तिथे आरओवर बंदी घालावी, असे निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये दिले, ते याच कारणाने.

'आरओ लावलं की चिंता मिटली' या समजाला पुण्यात २०२५ च्या सुरुवातीला तडा गेला. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागांत गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढत गेले आणि पुणे परिसरातल्या रुग्णांचा आकडा दोनशेच्या घरात गेला. काही रुग्णांच्या विष्ठेत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले. पाण्याच्या तपासण्या सुरू झाल्या, तेव्हा जार भरून देणाऱ्या खासगी आरओ केंद्रांचेही नमुने पिण्यास अयोग्य निघाले आणि महापालिकेने त्यांना टाळं ठोकलं. यात नवल नव्हतं. आरओच्या आधीचा कार्बन फिल्टर क्लोरीन शोषून घेतो. म्हणून नंतरची टाकी, तोटी किंवा जार अस्वच्छ असेल, तर आत शिरलेल्या जंतूंना अडवायला पाण्यात काहीच उरत नाही. टीडीएस मीटर त्या पाण्यावरही हवाहवासा आकडा दाखवतो.

मग 'पालिकेचं पाणी शुद्धच असतं, फिल्टर हे नुसतं फॅड' असं म्हणायचं का? तेही चुकीचंच. भारतीय मानक ब्यूरोच्या २०१९ च्या तपासणीत मुंबईचे दहाही नमुने उत्तीर्ण झाले, पण दहा नमुने म्हणजे दहा ठिकाणचे नळ. शुद्धीकरण केंद्रातून स्वच्छ निघालेलं पाणी वाटेत बिघडतं. पुरवठा काही तासांपुरताच असतो. तो थांबला की जलवाहिनीतला दाब जातो आणि फुटलेल्या सांध्यातून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. तिथून वाचलेलं पाणी गच्चीवरच्या न धुतलेल्या टाकीत साठतं. क्लोरीनवर सगळा भार टाकणंही धोक्याचं. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेत आलेलं सांडपाणी वजिराबादच्या जलकेंद्रात शिरलं. क्लोरीन वाढवलं गेलं, तरी सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ती हिपॅटायटिस ई विषाणूची होती, हे पुढे कळलं.

शहराच्या नळाला मुख्य धोका जंतूंचा आहे आणि उपायही त्यावरचाच हवा. खळखळून उकळी आणून झाकून थंड केलेलं पाणी जिवाणू, विषाणू आणि क्लोरीनला न जुमानणारे परजीवी या सगळ्यांवर चालतं. अतिनील दिव्याचा फिल्टरही उत्तम, मात्र पाणी आधी गाळलेलं हवं, कारण गढूळपणाआड जंतू लपतात. यूएफची, म्हणजे अल्ट्राफिल्ट्रेशनची, जाळी जिवाणू अडवते, पण विषाणूंची खात्री देत नाही. तुरटी गाळ खाली बसवते, माठ पाणी गार करतो. दोघांकडूनही निर्जंतुकीकरणाची अपेक्षा ठेवू नये.

आरओची खरी जागा बोअरवेल आणि टँकरवर जगणाऱ्या उपनगरांत आहे. तिथे उकळणं अपुरं पडतं. नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक उकळून जात नाहीत. पाण्याची वाफ झाली की उलट त्यांचं प्रमाण वाढतं. यवतमाळ-चंद्रपूर पट्ट्यातल्या भूजलात फ्लोराइड आहे. अशा पाण्याला आरओ किंवा त्या-त्या क्षारासाठीचा खास फिल्टर लागतोच. मात्र निर्णय प्रयोगशाळेच्या अहवालावर व्हावा, विक्रेत्याच्या कांड्यांवर नाही.

घराघरातलं यंत्र हे सार्वजनिक पाण्याचं उत्तरही नव्हे. ओडिशातल्या पुरीने २०२१ मध्ये चोवीस तास, थेट नळाला तोंड लावून पिता येईल असं पाणी द्यायला सुरुवात केली. कराडजवळच्या मलकापूरने तर त्याच्या कितीतरी आधी घरोघरी चोवीस तास पाणी पोहोचवलं. वाहिनी कायम भरलेली असली की गटाराला आत शिरायला वाव राहत नाही.

साठ बिऱ्हाडांच्या सोसायटीत प्रत्येकाने पंधरा हजारांचं यंत्र घेतलं, तर नऊ लाख रुपये होतात. त्याच्या अगदी थोड्या हिश्श्यात टाक्या नियमित धुता येतील, झाकणं बदलता येतील आणि पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यात पाण्याची जिवाणू तपासणी करून घेता येईल. गावातल्या जलसुरक्षकाकडे असते ती क्लोरीन तपासायच्या ओटी चाचणीची बाटली सोसायटीलाही घेता येते. शेवटच्या मजल्यावरच्या नळाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलंय का, हे पाण्याला आलेल्या पिवळ्या रंगावरून कळतं. रंग आला नाही, तर तक्रार त्याच दिवशी पालिकेच्या पाणीपुरवठा विभागात जायला हवी. आणि टाकी शेवटची कधी धुतली, हा प्रश्न येत्या सर्वसाधारण सभेत विचारून त्याचं उत्तर इतिवृत्तात तारखेसह नोंदवून घ्यायला हवं.