फुकट, मोफत आणि मुक्त

गेल्या महिन्यात न्यू जर्सीहून भाच्याचा फोन आला. "आत्या, कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती काढायचीय ना? मग मी तुला माझ्या ऑफिसच्या फॅमिली प्लॅनमध्ये घेतो. सहा जणांना चालतं, दोन जागा रिकाम्या आहेत. तू एक पैसा देऊ नकोस."

भाचा गुणी आहे, त्याला नाही म्हणणं जिवावर येतं. शिवाय फुकट मिळालेलं सोडणं आमच्या घराण्याच्या रक्तातच नाही (कुलवृत्तांतात पुरावे आहेत!). तरी मी म्हटलं, "दोन दिवस थांब, विचार करते." कारण होतं बाबांची फाइल.

नातेवाईक मंडळींना ही गोष्ट ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. बाबा निवृत्त झाल्यावर एसटीने गावोगावी फिरून त्यांनी घराण्याची माहिती गोळा केली, आणि तेव्हाच्या एका मराठी टायपिंगच्या प्रोग्रॅममध्ये दोन बोटांनी टाइप केली. 2001 मध्ये पुस्तक छापून झालं. तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, "भावजी, यात आम्ही बायका कुठे आहोत?" वंशावळीत नुसते पुरुष होते. बाबांना ते लागलं. पुढची तीन वर्षं त्यांनी लेकी-सुनांची माहेर-सासरची नावं जमवली आणि त्याच फाइलच्या शेवटी चाळीस पानं वाढवली. ती छापायची राहिली. 2009 मध्ये बाबा गेले.

पुढे 2016 मध्ये मी ती सीडी नव्या कॉम्प्युटरवर उघडली, तर समोर इंग्रजी अक्षरं, टक्क्यांची चिन्हं, स्वल्पविराम यांचा नुसता काला! त्या काळचे बरेचसे मराठी फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवत. तो फाँट नसेल तर मराठी गायब. आणि तो प्रोग्रॅम कॉम्प्युटरच्या मागे एक लहानसं कुलूप, म्हणजे डोंगल, लावल्याशिवाय चालत नसे. डोंगल सापडलं, पण ते लावायची खाच नव्या कॉम्प्युटरला नव्हतीच. बाबांनी प्रोग्रॅमचे पैसे रीतसर भरले होते, पावतीसुद्धा जपून ठेवली होती. लेखन बाबांचं, सीडी आमच्या कपाटात, आणि वाचायची सोय मात्र नाही.

तीन महिने लागले. फाँट बदलून देणारं एक साधन मिळालं, पण जोडाक्षरं आणि रफार पार विस्कटले. सांगलीचे काका भिंग घेऊन तपासायला बसले. "अगं, आजोबांच्या 'धर्मा'चा रफार उडालाय बघ," असं म्हणून हसायचे. छापलेला भाग पुस्तकाशी ताडून बघता आला. ती शेवटची चाळीस पानं मात्र कशाशी ताडणार? त्यातली सात नावं अजून प्रश्नचिन्हासकट आहेत. ज्यांना विचारायचं, ती माणसंच आता नाहीत.

म्हणून पैसे द्यायचे की फुकट वापरायचं, हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. आपण लिहिलेलं उद्या कोणाच्या परवानगीने उघडणार, हा खरा प्रश्न.

आता वर्गणीचंच बघा. मायक्रोसॉफ्टने 2011 मध्ये ऑफिस 365 आणलं, 2020 मध्ये त्याचंच मायक्रोसॉफ्ट 365 झालं. वर्गणी संपली की जुनी फाइल त्या प्रोग्रॅममध्ये उघडते, छापताही येते, पण दुरुस्त करता येत नाही आणि नवी करता येत नाही. भाड्याच्या घरासारखंच आहे हे. भाडं थकलं तर घर बघायला मिळेल, पण भिंतीत खिळा ठोकायचा नाही. एकदाच पैसे भरून विकत घ्यायचं ऑफिस 2024 सुद्धा आहे, पण दुकानदार आपणहून त्याचं नाव क्वचितच काढतो.

आणि मी भाच्याच्या प्लॅनमध्ये शिरले, तर भाडं तो भरणार. उद्या त्याने प्लॅन बंद केला, कार्ड बदललं, की माझं काम अडणार. नात्यात असलं अवलंबून राहणं नको वाटतं.

दुसरीकडे लिब्रेऑफिस. याचा इतिहास मला मजेशीर वाटतो. मूळ स्टारऑफिस हा एका जर्मन कंपनीचा प्रोग्रॅम. सन कंपनीने 1999 मध्ये ती कंपनी घेतली, आणि 2000 मध्ये प्रोग्रॅमची मूळ संहिता सगळ्यांना खुली केली. त्यातून ओपनऑफिस झालं. 2010 मध्ये सनच ओरॅकलच्या ताब्यात गेली, तेव्हा त्यावर काम करणाऱ्या बऱ्याच मंडळींनी तीच संहिता घेऊन वेगळी चूल मांडली. ते लिब्रेऑफिस. कंपनी दोनदा विकली गेली, तरी काम चालू राहिलं. बाबांच्या प्रोग्रॅमला ही सोय असती तर?

इंग्रजीत 'फ्री' या एका शब्दाने केवढा गोंधळ होतो. आपल्याकडे मोफत आणि मुक्त असे दोन स्वच्छ शब्द आहेत. गूगल डॉक्स मोफत आहे, मुक्त नाही. तिथे आपलं खातं, त्यांची जागा, त्यांचे नियम. लिब्रेऑफिस मोफतही आहे आणि मुक्तही.

म्हणून सगळ्यांनी उद्याच तिकडे पळा, असं मी म्हणणार नाही. मुक्त सॉफ्टवेअरवाल्या काही मित्रांचा उत्साह बघून माझा उत्साह मावळतो! आमच्या शेजारच्या सीए बाईंचं एक्सेलशिवाय चालत नाही. आयकराच्या एक्सेल युटिलिटीत मॅक्रो असतात, ते दुसरीकडे नीट चालतील याची खात्री नसते. त्यांनी वर्गणी भरावी, तो त्यांच्या धंद्याचा खर्च आहे. तीन गावांतल्या तीन जणांना एकाच वेळी एकाच मजकुरात लिहायचं असेल, तरी लिब्रेऑफिस साध्या रूपात कामाचं नाही. वर्डमधली गुंतागुंतीची तक्ते असलेली फाइल तिथे उघडली, की तक्ते इकडेतिकडे सरकू शकतात. म्युनिक शहराने तर दहा वर्षं खपून आपले हजारो कॉम्प्युटर लिनक्सवर नेले आणि 2017 मध्ये परत विंडोजकडे वळायचं ठरवलं. त्याच जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने 2024 मध्ये सरकारी कचेऱ्यांसाठी लिब्रेऑफिस निवडलं. दोन्ही बाजूंना शहाणी माणसं आहेत.

आणखी एक कबुली. docx फाइल म्हणजे बाबांची फाइल नव्हे. आत युनिकोड मराठी असतं, आणि लिब्रेऑफिसचा स्वतःचा फाइल प्रकार 2006 मध्ये तसा docx चा 2008 मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला आहे. ती गत पुन्हा व्हायची शक्यता कमी. पण एकदा दुधाने तोंड पोळलंय, ताक फुंकून पिणारच!

आपण पूर्वी काय करायचो, तेही आठवून बघा. ऑफिस वापरायला कोणी वर्गणी भरत नव्हतं, कारण कोणी पैसेच भरत नव्हतं. कॉम्प्युटर जोडून देणारा मुलगा 'सगळं टाकून देतो ताई' म्हणायचा, आणि आपण विचारायचो नाही. मीही विचारलं नाही. ती चोरी होती. परवडत नाही म्हणून चोरायचं, याला सरळ पर्याय तेव्हाही होता, आपण तो बघितला नाही. फुकट हवं असेल तर सरळ मार्गाने मिळणारं फुकट घ्यावं, आणि जमेल तेवढी देणगी द्यावी. लिब्रेऑफिसमागची संस्था देणग्या घेते. देवळात दर्शन फुकट असतं, म्हणून आपण पेटीत काही टाकत नाही का?

तर ठरलं ते असं. दुसरी आवृत्ती लिब्रेऑफिसमध्ये, युनिकोडमध्ये. घरातल्या पाच जणांकडे मूळ फाइल आणि पीडीएफ, आणि एक प्रत कागदावर, कारण शेवटी उपयोगी पडलं ते छापलेलं पुस्तकच. भाच्याला वर्डमध्येच सोयीचं असेल तर त्याने तिथे दुरुस्त्या कराव्यात. तक्ते सरकले तर मी बसवीन. त्याला हे फोनवर सांगितलं, तर म्हणाला, "आत्या, तू फारच जुन्या वळणाची आहेस." असेन बुवा.

पण या वेळी लेकी-सुनांची पानं शेवटी नाहीत, वंशावळीतच आहेत. आणि कोणाच्या आजीला, पणजीला त्या सात नावांबद्दल काही आठवत असेल, तर आता उशीर करू नका. कागदावर लिहून पाठवलंत तरी चालेल.